ओटीऐवजी शाल

ओटीचं ताट घेऊन विभा स्टेजच्या पायरीपर्यंत आली आणि तिथंच थबकली. पहिल्या रांगेत उत्कर्षाची आई बसली होती. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, ठसठशीत कुंकू, मांडीवर कापडी पिशवी. साताऱ्याकडच्या खेड्यातून गंगूबाई कालच जयपूरला आल्या होत्या.

उत्कर्षा जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या विमा कार्यालयात अधिकारी. घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं. ती बाई आहे हे तिनं मोठेपणी सगळ्यांना सांगितलं आणि तशीच राहू लागली. दर रविवारी शास्त्री नगरच्या घरी ती ट्रान्सजेंडर मुलींचे नोकरीचे अर्ज भरून द्यायची. विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तिच्यामुळे चौघी कामाला लागल्या होत्या. महिला दिनाला तिचा सत्कार करायचं मराठी मंडळानं ठरवलं खरं, पण कसा करायचा? पुरुष पाहुण्याला शाल-नारळ, बाईची ओटी, हा मंडळाचा शिरस्ता. बैठकीत सगळे पंख्याकडे बघत बसले. तेव्हा विभाच म्हणाली होती, ती बाई आहे, ओटीच भरायची आणि मी भरणार. टाळ्या पडल्या. त्या भरात तिनं उत्कर्षाला फोन करून तसं सांगूनही टाकलं.

बोलायला काय जातं? आज ताट हातात आलं तशी विभा मनातून चरकली. शंभर माणसं बघणार, फोटो निघणार, तो सासरच्या ग्रुपवर जाणार. आणि नेमकी ही म्हातारी दिसली. खरं सांगायचं तर विभाला हायसं वाटलं. खेड्यातली बाई, तिच्या देखत तिच्या मुलाची ओटी भरायची? काय वाटेल तिच्या जिवाला? स्वतःच्या या समजूतदारपणावर ती खूषही झाली.

तिनं ताट टेबलाखाली सरकवलं, कपाटातली शाल काढली आणि अध्यक्ष वसंतरावांच्या हातात दिली. उत्कर्षा ओटीसाठी पदर पुढे धरून उभी होती. वसंतरावांनी तिच्या खांद्यावर शाल घातली आणि नारळ पुढे केला. तिला समजायला क्षण लागला. मग तिनं पदर हळूच सोडला, नारळ कपाळाला लावला, हसून नमस्कार केला. तो सुटलेला पदर विभानं पाहिला आणि पुढचा सगळा कार्यक्रम तिला मान वर करवेना.

चहाच्या वेळी ती मुद्दाम गंगूबाईंपाशी गेली. निदान ही माऊली तरी आपल्याला बरं म्हणेल, अशी आशा होती.

“मावशी, तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून ओटी नाही भरली हो.”

गंगूबाईंनी कप खाली ठेवला. आवाजात राग नव्हता. असता तर विभाला सोसला असता.

“मला कशाचं अवघड? गावाकडं मीच भरते की तिची ओटी.”

विभाचे कान तापले. पलीकडे उत्कर्षा शाल घडी करून हातावर घेऊन उभी होती, कुणाशी तरी हसून बोलत होती. गंगूबाई तिच्याकडेच बघत होत्या.

“दुसरं कोन भरत न्हाई, बाई. ही म्हनली, जैपुरात आपली शिकल्याली मानसं हाईत, ती भरनार हाईत. त्ये बघाया आल्ते मी.”