हत्तीनंतरचा धडा

नूतननं पुठ्ठ्याचा हत्ती वर धरला आणि सातवीच्या वर्गाला विचारलं, "व्हॉट इज धिस?"

"धिस इज ॲन एलिफंट, मॅडम!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. इतका एका सुरात, की हत्तीसुद्धा दचकला असावा.

मागच्या बाकावर बी.एड. कॉलेजचे टेमकर सर बसले होते. नूतनचा हा शेवटचा सराव पाठ. त्यांनी पास केलं तर बी.एड. संपलं, नाही केलं तर पुन्हा ह्याच वर्गावर पाठ. तिकडं गावी, डिंगोऱ्याला, तिच्या आईनं 'आमची नूतन मॅडम झाली' म्हणून अर्ध्या गावाला पेढे आधीच वाटले होते. त्यामुळं नापास होण्याची सोय राहिली नव्हती.

पाठाचं टाचण लिहायला तिला आठवडा लागला होता. डावीकडं शिक्षकानं काय बोलायचं, उजवीकडं मुलांनी काय बोलायचं. घरी तिनं म्हशीसमोर सरावही केला होता. म्हशीनं उजवीकडचं एक अक्षर म्हटलं नव्हतं.

ही मुलं मात्र उजवीकडचं शब्दन् शब्द म्हणत होती.

प्रस्तावनेतला शेवटचा प्रश्न मुलांना येणार नाही असा विचारायचा असतो. मग 'चला, आज आपण हेच शिकू' असं म्हणून शिक्षकानं धडा जाहीर करायचा, ह्याला हेतुकथन म्हणतात. नूतननं तो प्रश्न विचारला. इतका वेळ ओरडणाऱ्या वर्गानं लगेच माना खाली घातल्या. शौर्यचा हात चुकून वर गेला. शेजारच्या आरोहीनं तो खाली ओढला.

नूतन गडबडीत धडा जाहीर न करताच वाचायला लागली. आरोही हळूच म्हणाली, "मॅडम, हेतुकथन राह्यलं."

नूतननं हेतुकथन केलं आणि फळ्याकडं वळली. शौर्यनं हिरवा खडू पुढं केला. "नवे शब्द हिरव्यानं लिवत्यात, मॅडम."

टेमकर सर ताडकन उठले. "थांबा. ह्या वर्गाला तुम्ही आधी पढवलंय."

नूतननं हत्ती ढालीसारखा पुढं धरला. "नाही हो सर! ह्या गावात मी आजच पहिल्यांदा उतरले."

"मग ह्यांना हेतुकथन कसं माहीत? आपल्या कॉलेजातल्यांना माहीत नसतं." सरांनी टाचण काढून घेतलं. "पुढचा धडा घ्या. आत्ता."

नूतननं पान उलटलं. मुलांनीही उलटलं. हत्तीच्या धड्याची पानं हाताळून फडक्यासारखी मऊ झाली होती. पुढची पानं करकरीत. काहींची एकमेकांना चिकटलेली, ती नखानं सोडवावी लागली. धडा बसच्या प्रवासाचा होता. नूतननं प्रश्न विचारला. वर्ग चिडीचूप.

"आता का गप?" सरांनी विचारलं.

आरोही उभी राहिली. "सर, ह्यो आमाला कुनीच शिकवला न्हाई. आमचे इंग्लिशचे सर रिटायर झाले, नवीन आलंच न्हाईत. तुमच्या कालिजातनं जे येतं ते हत्तीच घेतं."

"सगळे?"

"सोपा हाये ना. कपाट बघा."

सरांनी कपाट उघडलं. वरपासून खालपर्यंत हत्ती. थर्माकोलचे, कापसाचे, एक बिनसोंडेचा. त्यातले काही सरांनी ओळखले. ते घेऊन आलेल्यांना त्यांनीच ऑफिसात चहा पिता पिता पास केलं होतं. सरांनी कपाट हलक्या हातानं लावलं आणि जागेवर जाऊन बसले.

"घ्या मॅडम," ते म्हणाले. "चालू द्या."

आता डावीकडंही काही नव्हतं आणि उजवीकडंही. नूतननं हत्ती टेबलावर आडवा ठेवला. "मंचरला जाताना एस.टी.त काय काय असतं रे? इंग्लिशमध्ये सांगा. चुकलं तरी चालेल."

मुलांनी आधी टेमकर सरांकडं वळून बघितलं. मग कोपऱ्यातून आवाज आला, "बस इज फुल."

"कंडक्टर इज अँग्री!"

"माय आजी इज सिटिंग ऑन कांदा!" शौर्य ओरडला.

वर्गात हशा फुटला. नूतनही पोट धरून हसली. मग तिनं कांद्याच्या गोणीला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगितलं, आणि सगळ्या वर्गानं शौर्यच्या आजीला नीट गोणीवर बसवलं. मग ड्रायव्हर आला, पंक्चर आलं, कोंबडी घेऊन चढलेला पावणा आला. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी दोनदा डोकावून गेले. घंटा झाली तरी कुणी उठेना.

शेवटी टेमकर सर पुढं आले. "टाचण नाही, हेतुकथन नाही, फळा कोरा. शिस्तीचं तर बोलायलाच नको." नूतननं मान खाली घातली. "पण शिकवलंत तुम्ही. पास."

नूतनचे डोळे भरून आले. वर्गात मात्र कुणी टाळी वाजवली नाही.

आरोही रडवेली होऊन उभी राहिली. "सर, असं नका ना करू. ह्या मॅडमला नापास करा. पास झालेलं कुनीच माघारी येत न्हाई."