बॉनेटवरच्या चार पाकळ्या

“थिनर नको,” इसाओ म्हणाले. “गोंदाबरोबर रंगही उतरेल.”

कोसुकेने डबा खाली ठेवला आणि हेअर ड्रायर आणायला घरात वळला. दाराच्या चौकटीवर त्याचं डोकं आपटलं. चार दिवसांपूर्वी ओसाकाहून आल्यापासून ही तिसरी वेळ. उंचीत पोरगा आईवर गेला होता. इसाओ जेमतेम पाच फूट. बुडाखाली गादी घेतल्याशिवाय त्यांना गाडीतून रस्ता दिसायचा नाही. जत्रेतल्या गाडीत पोर बसवावं तसे दिसता, असं बायको चिडवायची.

गाडी छोटी, लाल. तिच्या बॉनेटवर म्हाताऱ्या चालकांनी लावायचं चार पाकळ्यांचं पान होतं. चुंबकाचं पान उडून जातं म्हणून सहा वर्षांपूर्वी कोसुकेनेच चिकटवायचं आणून लावलं होतं. आज त्यानेच ते नखांनी ओरबाडून काढलं. मागे उरला उन्हाने भाजलेला पिवळा गोंद.

काल तिन्हीसांजेला भातखाचरांच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलवरच्या शाळकरी मुलीला उडवलं आणि न थांबता निघून गेलं. मुलगी वाचली, पण मांडीचं हाड मोडलं. लाल गाडी होती, पुढे म्हाताऱ्यांचं पान होतं, एवढं तिने पोलिसांना सांगितलं. शेजारच्या मोरिवाकीबाई सकाळी फाटकातूनच ही बातमी देऊन गेल्या. इसाओ तसेच उठून गाडीपाशी गेले. डावा दिवा फुटलेला होता.

“मला काहीच आठवत नाही रे.”

“मागच्या महिन्यात किटली जाळलीत, तेव्हा तरी कुठे आठवत होतं?” कोसुकेने ड्रायर सुरू केला.

“सर्दीचं औषध घेऊन मी झोपलो होतो.”

“मग गाडी काय आपोआप गेली? आल्यापासून मी तिला हात तरी लावलाय का?” मग त्याने आवाज उतरवला. “मी रागावत नाही, बाबा. परवाना परत करू, गाडी भंगारात देऊ. तुम्ही फक्त कुणापाशी बोलू नका.”

इसाओंनी मान डोलावली. कोसुके ओसाकात शहरबस चालवायचा. वीस वर्षांत एक ओरखडा नाही, हे ते गावभर सांगत. आणि आज त्याला बापाचं पाप निस्तरावं लागत होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाळीस वर्षं त्यांनी गाड्या रंगवण्यात घालवली होती. गोंद कोमट झाल्यावर त्यांनी त्यावर खायच्या तेलाचा बोळा धरला, मग अंगठ्याने हळूहळू चोळू लागले. गोंदाच्या काळपट वळ्या निघू लागल्या. शेवटी साबणाचं पाणी, कोरडं फडकं.

गोंद निघाला. पान मात्र तिथेच होतं. भोवतीचा लाल रंग सहा वर्षांत विटला होता आणि मधोमध चार पाकळ्या नव्यासारख्या गडद दिसत होत्या.

“हे घासून जाईल ना?” कोसुकेने विचारलं.

“जाईल.”

पॉलिशचा डबा फळीवरच होता. अर्ध्या तासाचं काम, त्यांच्या हातचा मळ. पण डबा काढायला हात वर जाईना. ती पोर रस्त्यावर कितीतरी वेळ एकटी पडून होती, असं मोरिवाकीबाई म्हणाल्या होत्या.

कोसुके नूडल्ससाठी पाणी ठेवायला आत गेला. गाडीची किल्ली सकाळपासून त्याच्याच खिशात होती. इसाओ देव्हाऱ्यापाशी गेले, बायकोच्या फोटोपुढे वाकले आणि फोटोमागची जादा किल्ली काढून घेतली. पोलीसचौकी गल्लीच्या टोकालाच होती. पण नुसतं सांगून भागणार नव्हतं, गाडीही दाखवायला हवी होती. अगदी हळू नेऊ, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी गाडीचं दार उघडलं. गादी मागच्या सीटवर पडली होती. ती बुडाखाली घेऊन ते बसले आणि ब्रेकवर पाय ठेवायला गेले.

पाय पोहोचेना. सीट पार मागे सरकवलेली होती.