एल्डन पिकेटचा साठा

“थोडा तरी विक्षिप्त असेलच हो तुमचा नवरा. नीट आठवून बघा, पिकेटबाई,” हॅल्वर्सन काकुळतीला येऊन म्हणाला.

“मुळीच नव्हता,” लुएला म्हणाली. “कॉफी गार होतेय. प्या आधी.”

दोघांच्या मध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चांदीच्या डॉलरांचा ढीग होता. एल्डन पिकेट वसंतात वारला. उन्हाळ्यात लुएलाने ईली गावातलं ते घर विकायला काढलं आणि तळघरातली कोळशाची कोठी उपसून घेतली. कोळशाखाली कॅनव्हासच्या पिशव्या निघाल्या. पाठीत उसण भरेल इतक्या जड. त्यांतली एक उसवून टेबलावर ओतली होती. बाकीच्या जमिनीवर निजलेल्या डुकरांसारख्या पडल्या होत्या.

हॅल्वर्सन जुन्या नाण्यांचा व्यापारी. भल्या पहाटे रीनोहून निघून, अख्खं नेवाडाचं वाळवंट तुडवत तो आला होता. नाणं तो कडेनंच धरायचा, तान्ह्या बाळाचं नख कापावं तसा जपून.

“हे बघा, नुसतं नाणं असेल तर चाळीस डॉलर,” तो म्हणाला. “तेच गाजलेल्या साठ्यातलं असेल तर नव्वद. प्लास्टिकच्या डबीत सील करायचं, वर साठ्याचं नाव छापायचं.”

“चांदी तेवढीच ना पण?”

“तेवढीच. अहो, चांदी कोण घेतंय? लोक गोष्ट घेतात. भिंतीत पैसे चिणणारा, बँकेला शिव्या घालणारा, उशाशी बंदूक घेऊन शिळा पाव चावणारा म्हातारा. असा एक वेडा गाठीला असला की भाव दुप्पट. तुमच्याकडे नाणी अव्वल आहेत. फक्त वेडा हवाय.”

“तो मिळायचा नाही या घरात,” लुएला ताठ बसून म्हणाली. “एल्डन जुगाराच्या हॉटेलात बारवर होता. सगळं गाव त्याला हसतमुख म्हणायचं. प्रार्थनेला आला की सगळ्यांत मोठ्यानं गायचा. गरीब होतो आम्ही, पण चिक्कू नव्हता तो. असते तर दिले असते त्यानं. आणि मला कसं जपलं म्हणून सांगू! घरात गॅस येईपर्यंत कोळसा आणायला मला एकदा तळघरात उतरू दिलं नाही. ‘तुझे हात काळे होतील’ म्हणायचा.”

हॅल्वर्सन हसू दाबत वहीत काहीतरी टिपू लागला. “हे फार सुरेख आहे. गॅस आल्यावर कोठीचं काय केलं?”

“दाराला खिळे ठोकले. उंदीर येतात म्हणाला.”

“वा!”

“यात वा काय आहे?” लुएलाने विचारलं. “शेवटी शेवटी कुठून तरी हे पैसे आले असतील त्याच्याकडे. माझ्या म्हातारपणाला असावेत म्हणून ठेवले असतील. सांगायचं राहून गेलं, झालं.”

“शेवटी शेवटी? छे, छे!” हॅल्वर्सनमधला जाणकार जागा झाला. त्याने एक पिशवी थोपटली. “ही शिवण बघा. कोणी हातसुद्धा लावलेला नाही. अशा पिशव्या बँकेच्या खिडकीवर एकोणीसशे चौसष्टपर्यंतच मिळायच्या. मग सरकारनं बंद केल्या. तुमच्या यजमानांनी पगार उचलला की सरळ बँक गाठली असणार. हा सगळा माल चौसष्टच्या आधीच कोठीत आलाय. अगदी कोरा!”

लुएलाने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. ठेवताना ते टेबलाच्या कडेवर आपटलं.

“चौसष्टच्या आधी,” ती म्हणाली.

हॅल्वर्सन नाणी चाळत राहिला. तिची नजर त्याच्या बोटांवरून हलत नव्हती.

“घ्या लिहून,” ती एकदम म्हणाली. “सहासष्टच्या हिवाळ्यात छातीत कफ भरलेला असताना मी त्याच हॉटेलाच्या चादरी धूत होते. दात दुखायला लागले तेव्हा म्हणाला, दुरुस्तीपेक्षा काढणं स्वस्त. सगळे काढले. तिशीत होते मी. आमच्या जूनचा कान ठणकत होता. ‘डॉक्टरकडे पुढच्या पगाराला नेऊ’ म्हणाला हा. पगार झाला, पण तोवर कान गेला होता. आता सॉल्ट लेकला असते ती. फोनवर ओरडावं लागतं मला. आणि मी काय म्हणायचे, बिचाऱ्याकडे असते तर…”

हॅल्वर्सनची पेन्सिल केव्हाच थांबली होती.

“हे नको, पिकेटबाई,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “थोडा वेडा चालतो. गमतीदार. ही नाणी लोक नातवंडांना वाढदिवसाला देतात हो. कान आला की भाव पडेल.”

“तुम्हालाच कंजूष हवा होता ना?”

“हवाय, पण गोड हवाय. त्यापेक्षा आपण बंदूक घालू. शिळा पाव घालू.”

“तो हॉटेलात जेवून यायचा. शिळा पाव मी खायचे.”

हॅल्वर्सनने खिशातून रुमाल काढला आणि स्वच्छ असलेलं एक नाणं उगाच पुसलं. त्याला वाईट वाटत होतं. नव्वदाचे चाळीस होताना दिसले की त्याला नेहमीच वाईट वाटायचं.

“बरं, ते जाऊ द्या,” लुएला म्हणाली. “डबीवर नाव कोणाचं घालता तुम्ही?”

हा प्रश्न सोपा होता. हॅल्वर्सनला हायसं वाटलं.

“धंद्याचा जुना रिवाज आहे,” तो म्हणाला. “ज्यानं पोटाला चिमटा काढून साठवलं, त्याचं.”

लुएलाने त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, वही आपल्याकडे ओढली आणि ‘एल्डन पिकेटचा साठा’ या मथळ्यातल्या ‘एल्डन’ शब्दावर एक जाड रेघ मारली.

“पोट माझं होतं,” ती म्हणाली.