तेरावा गडी

तोरामात्सुने गाडीतून उतरायचंच नाकारलं. काच खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि डोंगरदेवीच्या देवळीपुढे बंदूक पुसत बसलेल्या सुएकिचीला हाक मारली.

"मी येत नाही रे. गुडघे नाही म्हणतायत."

"गुडघ्यांना विचारलं कोणी?"

"मीच. तिथंच चुकलं."

सुएकिची अस्वलाच्या शिकाऱ्यांचा म्होरक्या होता. टोळी म्हणजे तो, तोरामात्सु आणि सान्सुके. सान्सुके लाकडाचा, वीतभर उंचीचा, आणि सुएकिचीच्या कमरेला बांधलेला. कधीकाळी शिकारीला बारा जण निघत. देवीला बारा हा आकडा खपत नाही, म्हणून जुन्या माणसांनी तेरावा गडी कोरून घेतला. पुढे बाराचे नऊ झाले, नवाचे पाच, पाचाचे दोन. आकडा बारापासून इतका लांब गेला की देवीला रागवायला काही कारणच उरलं नाही. पण सान्सुकेला 'आता घरी बस' असं सांगणार कोण? टोळीत सगळ्यात जुना तोच. शिवाय त्याने एकही शिकार चुकवली नव्हती.

अस्वलावर एकट्याने जायचं नसतं. एकाने खालून ओरडत जनावर उठवायचं, दुसऱ्याने वर दबा धरून बसायचं. बर्फ वितळत आलं होतं. आज गेलं नाही तर यंदाची शिकार गेली, आणि यंदाची गेली की टोळी गेली. अस्वलांना याची कुणकुण लागली असावी. थंडी पडायच्या आधी त्यांच्यातलं एक गावातल्या दुकानात शिरलं. दार आपोआप उघडणारं, ते अस्वलालाही उघडलं. आत गिऱ्हाईक नव्हतंच, त्यामुळे ते दुपारभर सफरचंदं खात बसलं तरी कोणाला पत्ता नाही.

"मग मी येते की," हात्सुने म्हणाली.

हात्सुने गावात टपाल वाटायची. तोरामात्सुची गाडी चालवत तीच आली होती. बंदुकीचा परवाना तिने हिवाळ्यात काढला होता आणि बंदूक बरोबर आणली होती. म्हणजे येतानाच तिला तोरामात्सुच्या गुडघ्यांचा अंदाज असणार.

"देवीला डोंगरात बाई चालत नाही," तोरामात्सु म्हणाला.

"देवी स्वतः बाईच ना?"

"म्हणून तर. दिसायला बेताची आहे बिचारी. देखणी बाई दिसली की तिचं डोकं फिरतं."

"मग माझं काय अडतंय? बघा तरी माझ्याकडे."

तोरामात्सुने चष्मा लावला आणि नीट पाहिलं. "जोखीम आहे," तो म्हणाला.

सुएकिची मधे पडला नाही. त्याने खिशातून कागदात गुंडाळलेला वाळका मासा काढला. जपानच्या समुद्रात याच्याइतकं कुरूप दुसरं काही नसेल. तो पाहिला की 'आपल्याहून वाईट कोणीतरी आहे' म्हणून देवी खूश होते आणि अस्वल देते. रीत अशी, की आधी नुसतं तोंड दाखवायचं, बाकीचा मासा अस्वल मिळाल्यावर. सुएकिचीने कागद सोडला आणि अख्खा मासा देवळीच्या पायरीवर ठेवला.

"अरे, सगळाच?" तोरामात्सु ओरडला.

"आज काम मोठं आहे."

मग तो उभा राहिला. डोंगरात पाऊल टाकण्याआधी म्होरक्याने एकेकाचं नाव घ्यायचं असतं.

"सुएकिची!" त्याने हाक मारली, आणि स्वतःच म्हणाला, "आहे."

"तोरामात्सु!"

"गाडीत आहे."

"सान्सुके!"

सान्सुकेच्या वतीने दरवर्षी तोरामात्सु ओ द्यायचा. आताही त्याने तोंड उघडलं, पण सुएकिचीने हात वर करून त्याला थांबवलं. हात्सुनेकडे पाहत त्याने पुन्हा हाक मारली, सावकाश.

"सान्सुके!"

हात्सुनेने त्याच्या कमरेच्या बाहुल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आहे," ती म्हणाली.

सुएकिचीने कमरेची दोरी सोडली आणि गाडीच्या खिडकीतून हात घालून सान्सुकेला तोरामात्सुच्या मांडीवर बसवलं. "बसा दोघं. यालाही गुडघे नाहीत."

"आजोबा," हात्सुने हळूच म्हणाली, "देवीला कळलं आणि ती रागावली तर?"

सुएकिची विचारात पडला. एवढ्या वर्षांत त्याने देवीचा राग काही पाहिला नव्हता. माशाचं तोंड बघून ती हसते म्हणतात, ते हसूही ऐकलं नव्हतं. धाकटे भाऊ टोकियोला गेले, शाळा बंद झाली, न्हावी गेला. एवढं सगळं उठून गेल्यावर ती तरी इथं कशाला थांबली असेल, हे त्याला बरेच दिवस कोणाला तरी विचारायचं होतं.

"रागावली तर बरंच झालं, पोरी," तो म्हणाला. "आहे, एवढं तरी कळेल. ओरड बघू. जनावर उठवतात तशी."

हात्सुनेने छाती भरून घेतली आणि ओरडली. लांबलचक, टिपेचं. त्या डोंगराने असा आवाज आजवर ऐकला नव्हता. तोरामात्सुने काच वर केली, सान्सुकेला घट्ट धरलं, आणि राहवेना म्हणून काच पुन्हा खाली केली.

काहीच झालं नाही. ना वारा सुटला, ना बर्फ घसरलं. सुएकिची मान कलती करून ऐकत राहिला.

मग समोरच्या कड्यावरून तिचाच आवाज परत आला. नेहमीपेक्षा जरा उशिरा, कोणीतरी आधी विचार करावा आणि मग बोलावं तसा.

"आहे," तोरामात्सु गाडीतून म्हणाला.

कोणाच्या वतीने, ते त्याने सांगितलं नाही.