आवाज तिचाच होता

उंब्रजच्या आक्काताईंची लेक दीक्षा पुण्यात एआयची तज्ज्ञ होती. फोनवरचा खोटा आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर बनवायचं, हेच तिचं काम. मागच्या खेपेला गावी आली तेव्हा तिनं बजावून ठेवलं होतं, "आई, आता कुणाचाही आवाज हुबेहूब काढता येतो, अगदी माझासुद्धा. संशय आला की सरळ फोन ठेवायचा."

मंगळवारी भरदुपारी फोन वाजला.

"जय भीम, आई. जेवलीस का?"

आक्काताईंच्या कपाळाला आठी पडली. "आदी सांग, तुझ्या हनुवटीला टाकं कशानं पडलं?"

"उसाच्या ट्रॉलीवरून पडले होते ना मी! का गं, बरी आहेस ना?"

उत्तर बरोबर होतं. आवाज तोच, बोलता बोलता नाक ओढायची सवयही तीच. ह्या भामट्यांनी एवढं सगळं काढलं तरी कुठून, असं आक्काताईंच्या मनात आलं. "परत फोन केलास तर पोलिसात दीन!" असं दरडावून त्यांनी फोन ठेवला.

शेजारचे केरूनाना ओट्यावर बसून स्पीकरवरचं सगळं बोलणं ऐकत होते. "काय मागत व्हती गं? पैसं?"

"न्हाई. काय सुदीक मागितलं न्हाई."

"मग दीक्षाच असंल की! ती न्हवं, हे तू कशावरनं वळखलंस?"



"आवं नाना, काम नसताना, नुसतं जेवलीस का म्हणून इचाराय आमची दीक्षा कवा फोन करती?"