झग्याला दोरी

"बाईसाहेब, झगा गुडघ्यांशी दोरीने बांधल्याशिवाय गाडी सुटणार नाही. वाऱ्याने उडाला तर? समोर प्रेक्षकांत बिशपसाहेब बसलेत," मोटारशर्यतीचे पंच मेजर थॉर्नबी म्हणाले.

"मग त्यांचे डोळे बांधा की, मेजर!" लेडी हेस्टर फणकारली. पण १९०८ साली इंग्लंडात बाईला शर्यतीत घेतलं हेच नवल होतं. तिने मुकाट्याने दोरी बांधून घेतली.

शेवटच्या वळणावर इंजिन पेटलं. गाडी कशीबशी थांबली. तिच्या शेजारी बसलेला मेकॅनिक उडी मारून सुटला. तिला बांधलेले पाय उचलताच येईनात. तो मागे फिरला, त्याने चाकूने दोरी कापली, सोबत झगाही फाडला आणि तिला बाहेर ओढलं. तिची बाही अजून जळत होती.

मेजर ओली घोंगडी घेऊन धावत आले,

आणि त्यांनी आधी तिचे गुडघे झाकले.