चालेल

तीन वर्षं खपून लिहिलेलं, सगळ्यांना खुलं आणि फुकट लेखन-सॉफ्टवेअर उद्या जगापुढे जाणार होतं. त्याच्या कर्त्याने येरझाऱ्या घालून फरशीला चर पाडायची वेळ आणली होती. चाचणीची आवृत्ती ग्रुपवर टाकून त्याने लिहिलं होतं, "वापरून बघा. उद्या प्रसिद्ध करू, चालेल ना?"

दोनशे स्वयंसेवकांची उत्तरं आली. "चालेल!" "चालेल की!" "दादा, पळेल!"

एकट्या आत्याचा फोन आला. "अरे, 'जतन करा' दाबलं की हे मजकूर गिळून ढेकर देतं."

"आत्या, दोनशे जणांचं चालतंय. तुझंच कसं अडतं?"

"मला काय ठाऊक? तू वापरून बघा म्हणालास, मी वापरलं."

चरफडत त्याने आकडा पाहिला. चाचणीची आवृत्ती डाउनलोड करणारे: एक.